सुलोचनाराणीचं राज्य

“आक्का, मी नाव बदलणार नाही. एवढं तोंडावर सांगायला आलेय.”

चपला दाराशी काढल्या, पाठीवरची बॅग भिंतीला टेकवली, माझ्या पाया पडली आणि उभ्याउभ्याच पोरीनं हे वाक्य टाकलं. अजून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

“नमस्कार कुठल्या पायाला केलास?” मी विचारलं. “चांगल्या का प्लॅस्टरच्या?”

“दोन्ही.”

“प्लॅस्टरचा वाया गेला. बस.”

कराडात मंडईच्या मागच्या बोळात आमचं बांगड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हीकडचा कारभार माझा. त्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडून घेतलं. माजघरातल्या पलंगावर पडून हुकूम सोडायचे, एवढंच हातात उरलं होतं. पुढं दुकानात आमचे हे आणि धाकटा मुलगा धैर्यशील. ह्यांना कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र कधी घालायचं आणि कधी काढून खिशात ठेवायचं, हे मात्र बरोबर कळतं.

ही पोर म्हणजे धैर्याची ठरलेली बायको. मिरजेची, पुण्यात नोकरीला. मुलगी पसंत, घराणं पसंत, कार्यालय ठरलं, साड्या आल्या. अडलं ते एका नावावर. तिचं नाव केतकी.

आता केतकी म्हणजे केवडा. आणि आमचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. शंकराला काहीही चालतं, धोतऱ्याचं फूल चालतं, केतकी चालत नाही. खोटी साक्ष दिली म्हणून त्यानं तिला पूजेतून काढून टाकलीय, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या नावाची सून आणून त्याच्याच देव्हाऱ्यापुढं दिवा लावायला बसवायची? आमच्यात नवी सून माप ओलांडून आत आली की ताम्हणात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. मी फोनवर निक्षून सांगितलं होतं, तांदळात राजलक्ष्मी लिहायचं, नाहीतर मांडव घालायचा नाही. त्या दिवसापासून धैर्या भाजीत मीठ कमी आहे का जास्त, हेही सांगेनासा झाला होता. पुढ्यात येईल ते गिळायचा आणि उठायचा.

“घरचं कुणी नाही आलं बरोबर?” मी विचारलं.

“ते म्हणाले, तुझं तूच बोल.”

“शहाणी माणसं. स्वतः सुटली.” मी उशी सारखी केली. “हे बघ, घरात नवीन माणूस आलं की नवीन नाव. मी बदललं, माझ्या सासूनं बदललं, तिच्या सासूनं बदललं. कुणाला काय झालं? हात तेच, पाय तेच. माणूस तिथंच असतं. नाव बदललं फक्त.”

“काहीच होत नसेल तर बदलायचं कशाला?”

“तोंडाळ आहेस.”

“धैर्यशील म्हणतो, तुमच्यावर गेलेय.”

“अजून घरात आली नाहीस, माझ्यावर जातेस कशी?”

ती हसली. मी नाही हसले, पण तिचा हात मागितला. जन्मभर नवरीचे चुडे भरलेत मी. हात हातात घेतला की पोर कशी आहे ते मला कळतं. भित्री असली तर बोटं आवळते, हट्टी असली तर मनगट ताठ धरते, लबाड असली तर दुखलं नसताना ‘आई गं’ करते. हिचा हात मऊ होता, दोन-सहा मापाच्या बांगडीचा, आणि स्वस्थ. स्वतःच्याच मांडीवर पडल्यासारखा माझ्या हातात पडून राहिला. मला काही कळेना. आणि मला काही कळेना असं फारसं होत नाही.

“मुक्काम कुठं आहे?”

“इथंच मलकापूरला, मावशीकडं. उद्या संध्याकाळच्या गाडीनं परत.”

“म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत मला वळवायचा बेत.”

“नाही आक्का. मी नुसती बसणार इथं. तुम्हाला कंटाळा आला की सांगा, उठेन.”

जेवणं झाली. सगळे पांगले. ही खरंच नुसती बसली, भिंतीला पाठ लावून, आणि बॅगेतून लॅपटॉप काढला.

“सुट्टीचं पण काम?”

“कामच, पण खेळ आहे. आमच्याकडं परदेशातले खेळ मराठीत करतात. हा मी केलाय. बाहेर पडायच्या आधी कुणातरी नवख्या माणसानं खेळून बघायला हवाय.” मग जरा थांबून, “वाचायला लागेल थोडं.”

“दुसरीत शाळा सुटली माझी. दुकानांच्या पाट्या वाचते आणि पोथी वाचते. सावकाश.”

“हा खेळ सावकाशच आहे. पळापळ नाही. तुम्ही विचार करून तुमचा डाव खेळायचा, मग मी माझा, मग यंत्र त्याचा. तुम्ही तासभर बसून राहिलात तरी तो थांबतो.”

“माझ्यासाठी थांबणारं या घरात हेच पहिलं,” मी म्हटलं. “आण इकडं.”

पडदा उघडला तर नुसतं काळं आभाळ. त्यात लांब लांब तारे आणि त्यांच्याभोवती ग्रह, निरनिराळ्या रंगांच्या गोट्या सांडल्यासारखे. सुरुवातीला आपल्याकडं एक ग्रह आणि दोन-चार जहाजं. बाकी सगळा अंधार. जहाज पुढं न्यावं तसा अंधार सरतो आणि नवी जागा दिसते. तिथं पाणी असलं, खनिज असलं, तर वस्ती करायची. असं करत करत राज्य वाढवायचं. राज्यं तीन. एक माझं, एक तिचं, एक यंत्राचं. यंत्राच्या राज्याला म्हणायचं संघ.

“राणीचं नाव काय टाकू?” केतकीनं विचारलं.

“माझं नाव माहीत नाही तुला?”

“आक्का टाकू?”

“सुलोचना टाक. आणि नीट टाक.”

रंग मी हिरवा घेतला, चुड्याचा. तिनं केशरी. खाली कोपऱ्यात एक बटण होतं. मी अक्षराला अक्षर लावून वाचलं. ‘पाळी संपली’.

“अगं ए शहाणे! हे काय लिहून ठेवलंयस?”

“म्हणजे आपली खेळायची पाळी झाली की…”

“ते कळलं मला. माझे दीर बसले खेळायला तर तोंड कुठं लपवतील? ‘डाव दिला’ लिही.”

ती इतकी हसली की दुकानातून धैर्या डोकावला. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर उजेड दिसला. “काय झालं?” म्हणाला.

“तुझ्या कामाचं नाही,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

एखादा ग्रह आपल्याकडं आला की खिडकी उघडायची. ‘जुनं नाव ठेवायचं की नवं द्यायचं?’ ग्रहांना आधीचीच कसली कसली नावं होती, तोंडात खडे धरून बोलल्यासारखी. मी एकही ठेवलं नाही. राजधानीचं शिंगणापूर केलं. मग कोयना, मग आगाशिव, मग ह्यांचं नाव, थोरल्याचं, धैर्याचं, नातवंडांची. मी सांगायची, ती टाइप करायची. तिनं मात्र स्वतःच्या एकाही ग्रहाचं नाव बदललं नाही.

“तुझ्या राज्यात कुणाचा कुणाला मेळ नाही,” मी म्हटलं. “भाडेकरू भरल्यासारखं वाटतंय.”

“मला चालतं. ते आधीपासून होते तिथं.”

राज्य मी चालवलं ते घर चालवते तसं. आधी पाणी, मग धान्य, मग कोठारं. जहाजं थोडी, कोठारं दांडगी. प्रजा खूश होती, त्यांची हसरी तोंडं पडद्यावर यायची. संघ माझ्या शेजारीच होता, काळ्या रंगाचा.

“या शेजाऱ्याला काही पाठवता येतं का?” मी विचारलं.

“येतं. पण कशाला?”

“कशाला म्हणजे? शेजार आहे. दर डावाला थोडं धान्य पाठव.”

“आक्का, ते यंत्र आहे. परत काही देणार नाही.”

“शेजारी कधी भांडं रिकामं परत करत नाहीत. आज नाही उद्या, चार पेरू तरी घालून पाठवतात.”

ती माझ्याकडं बघत राहिली. वाद घातला नाही. धान्य पाठवलं.

ऊन उतरलं, चहा झाला, ती निघाली. मी तिच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. मावशीकडं रिकाम्या हातानं कशी जाऊ द्यायची?

“उद्या सकाळी ये. लवकर ये. आणि हे आहे तसंच ठेव, माझ्यामागं फिरवाफिरव नको.”

“आक्का!”

“तुला नाही म्हणत. यंत्राला म्हणते.”

नावाचा विषय ना तिनं काढला, ना मी.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून केस ओले असतानाच आली. डबा माझ्यापुढं ठेवला. उघडला तर आत पेरू. चारच.

“हे मुद्दाम केलंस.”

“हो,” म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. कोपऱ्यातल्या बटणावर आता ‘डाव दिला’ होतं.

तोवर माझं राज्य चांगलं पसरलं होतं. इतकं की नावं संपली. देव झाले, नद्या झाल्या, सगळं गणगोत झालं. एका वाळवंटाला मी आमच्या नणंदेचं, इंदुवन्संचं नाव दिलं होतं. आणि संघाच्या अगदी सीमेवर एक बारका ग्रह दिसला. करडा, खडकाळ, एकटाच फिरणारा.

“तो सोडा आक्का. ना पाणी, ना खनिज. नुसता गोटा आहे.”

“माझ्या दारातला आहे. घे.”

तिनं घेतला. खिडकी उघडली. “नाव?”

मी आठवायला लागले, अजून कोण राहिलं. तोंडातून आपोआप गेलं, “गोजरा.”

“गोजरा कोण?”

“कुणी नाही. होती एक. टाक.”

त्या गोट्याशेजारी पांढरी अक्षरं उमटली. मी ती लावून वाचली. मग पुन्हा वाचली. त्यानंतर माझा डाव आला की आधी मी तेवढी अक्षरं शोधायची, मग बाकीचं राज्य. ती बघत होती.

जेवणं उरकून पुन्हा बसलो तर संघानं लढाई काढली. काळी जहाजं, मुंग्यांच्या रांगेसारखी.

“एवढी आली कुठनं?” मी म्हटलं.

“तुमचंच धान्य खाऊन मोठी झालीत.”

“गप गं. माझी सगळी जहाजं हलव. शिंगणापूरची पण, कोयनेची पण. गोजरेवर ने.”

“अहो राजधानी उघडी पडेल! त्या गोट्यात आहे काय एवढं?”

“असू दे.”

“निदान धैर्यशीलला तरी वाचवा. सगळं लोखंड तिथं आहे.”

“धैर्यशील त्याचं त्याचं बघेल.”

“मला काही म्हणालात का?” पुढून आवाज आला.

“तू गिऱ्हाइकाकडं बघ!”

मी डाव दिला. तिनं तिचा खेळला. मग यंत्राचा आला. काळी जहाजं त्या गोट्याभोवती गोळा झाली. माझी हिरवी एकेक करत विझत गेली. शेवटची विझली, आणि करड्या गोट्याशेजारची ती पांढरी अक्षरं पुसली गेली. तिथं एक आकडा आला.

मी पडद्यावर बोट फिरवत राहिले. इकडं, तिकडं, वर.

“केतकी, माझी गोजरा कुठं गेली?”

“तिथंच आहे आक्का,” ती सहज म्हणाली. “हा बघा, ग्रह तोच आहे. नाव बदललं फक्त. संघ नावं ठेवत नाही, आकडे…”

आणि बोलता बोलता थांबली.

पंखा फिरत होता. दुकानात कुणीतरी लाखेच्या बांगड्यांचा भाव करत होतं. हे वाक्य या खोलीत आदल्या दिवशी एकदा बोलून झालं होतं, आणि ते तिचं नव्हतं. ते आम्हा दोघींना एकाच वेळी आठवलं. तिनं मान खाली घातली. दुसरी कुणी असती तर मान वर केली असती आणि माझ्याकडं बघून हसली असती.

मी पदरानं चष्मा पुसला. “मला नाही खेळायचं,” म्हटलं. “डाव दिला.”

बटण तिनं दाबलं. माझं शिंगणापूर उघडं पडलं होतं, तिची केशरी जहाजं शेजारीच उभी होती. एका डावात राजधानी घेऊन ती जिंकली असती. तिनं सगळी जहाजं वळवली आणि संघावर घातली.

“काय करतेस? जिंकत होतीस ना?”

“थांबा आक्का.”

माझा डाव आला की मी नुसतं ‘डाव दिला’ दाबायची. ती लढायची. तिची जहाजं जळत होती. तोंडात खडे धरल्यासारख्या नावांचे तिचे दोन ग्रह संघानं घेतले, त्यांचेही आकडे झाले. तिनं वळून बघितलं नाही. खालचा ओठ दाताखाली धरून बसली होती. शेवटी त्या करड्या गोट्याभोवती काळं काही उरलं नाही. गोटा केशरी झाला आणि तिच्यापुढं खिडकी उघडली. ‘जुनं नाव ठेवायचं की नवं द्यायचं?’

दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं ‘नवं’वर दाबलं. आणि लिहिलं, गोजरा.

मग दुसरीकडं कुठंतरी गेली, ‘भेट द्या’ म्हणून काहीतरी होतं तिथं, आणि सुलोचनाराणी निवडलं. माझ्या डोळ्यांदेखत तो गोटा हिरवा झाला.

“भांडं रिकामं परत करत नाहीत,” ती म्हणाली.

तिनं लॅपटॉप बाजूला सारला आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसली.

“आता सांगा. गोजरा कोण?”

सांगायचं नव्हतं. पण सांगितलं.

“पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. डोंगरात. आजीनं ठेवलेलं नाव. पोर गोजिरी दिसते म्हणून गोजरा. आमचा अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गुरं घेऊन पलीकडच्या डोंगरावर जायचा आणि तिथनं हाक मारायचा, ‘गोजरेऽऽ’. मी अंगणातनं ओ द्यायची. माझी ओ त्याला तिथं ऐकू जायची, असा आवाज होता माझा.”

“अजून आहे,” ती म्हणाली.

“मधे बोलू नकोस. लग्न होऊन इथं आले. सासू म्हणाल्या, हे कसलं गावंढळ नाव, दुकानात गिऱ्हाइकापुढं हाक कशी मारायची? तांदळात सुलोचना लिहिलं. एवढं लांब नाव. मी अक्षरं लावून वाचेपर्यंत ताम्हण उचललंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू हाक मारतायत, सुलोचना, सुलोचना. मी आपली जात्याशी बसून. मला वाटलं, असेल दुसरी कुणी. ‘सून बहिरी दिली का काय!’ म्हणाल्या. सगळं घर हसलं.”

“मग?”

“मग काय. शिकले ओ द्यायला.”

“आणि अण्णा?”

“तो होता तोवर दिवाळीला आणि पंचमीला ते नाव कानावर पडायचं. तो गेला. त्यानंतर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.”

“रडलात तेव्हा?”

“लगीनसराई होती. चुडे भरायचे होते.”

तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मनगटाशी दाबून बघितला. मी करते अगदी तसाच.

“काय बघतेस?”

“माप. दोन-चार.”

“बरोबर आहे.”

“बारीक आहे हात तुमचा आक्का. वाटत नाही.”

गाडीची वेळ झाली. डबा मी पुन्हा भरून दिला. दारात थांबून ती म्हणाली, “आक्का, मग माझं…”

“गाडी चुकेल. जा.”

ती गेली. धैर्या तिला स्टँडवर सोडून आला, माझ्यापुढं उभा राहिला, पण विचारायचं धाडस झालं नाही. मीही काही सांगितलं नाही. माझं मलाच अजून ठरवायचं होतं, आणि ठरवायला मला कुणी लागत नाही.

दिवेलागणीला हे आत आले. मी विचारलं, “अहो, माझं माहेरचं नाव काय होतं हो?”

ह्यांनी यंत्र खिशातून काढलं, कानात घातलं, मला पुन्हा विचारायला लावलं. मग बराच वेळ आठवत राहिले. टोपी काढून डोकं खाजवलं.

“चांगलं होतं,” म्हणाले. “फुलाचं होतं का काही?”

त्यांचा तरी काय दोष? लग्नाच्या आधी एकदाच कानावर पडलेलं.

“हो,” मी म्हटलं. “हातपाय धुवा. वाढायला सांगते.”

दुसऱ्या दिवशी मी धैर्याला हाक मारली. “मांडववाल्याला फोन कर.”

“म्हणजे आक्का, नावाचं…?”

“मांडववाल्याला फोन कर म्हटलं. नाव काय त्याच्या खांबावर लिहायचंय?”

लग्न झालं. चुडा मीच भरला. तेव्हाही तिचा हात तसाच स्वस्थ होता. त्यात भीती नव्हती आणि हट्टही नव्हता. मी काय ठरवलंय ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वरची एक बांगडी आम्ही आमच्याकडून देतो. ती चढवताना तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

वरात घरी आली. माप ओलांडलं. माजघरात पाट मांडले, ताम्हणात तांदूळ पसरले. सगळा गोतावळा वाकून उभा. इंदुवन्सं सगळ्यांच्या पुढं. त्यांना कळायला हवंच ना.

“राजलक्ष्मी ठरलंय ना?” त्या म्हणाल्या. “धैर्या, ठळक काढ रे.”

धैर्या पाटावर बसला. अंगठी हातात घेतली. आणि बसूनच राहिला. एकदा बायकोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कपाळावर घाम, मुंडावळ्या ओल्या झालेल्या. केतकी तांदळाकडं बघत होती.

“ऊठ,” मी म्हटलं.

“आक्का?”

“ऊठ म्हणते ना. या घरात नाव ठेवायचा मान माझा आहे. अंगठी दे इकडं.”

प्लॅस्टर निघालं होतं, पण पाय अजून नीट वळत नव्हता. दोघांनी धरून मला पाटावर बसवलं. मी ताम्हण पुढं ओढलं. दुसरी शिकलेल्या बाईचं अक्षर ते, आणि तांदूळ कुठं एका जागी राहतात? एक रेघ काढावी तर दुसरी बुजते. माझी मी सावकाश काढत गेले. घाई कुणाला होती? शेवटी अंगठी बाजूला ठेवली. सगळ्यांनी माना पुढं घातल्या.

केतकी.

इंदुवन्सं म्हणाल्या, “अगं वहिनी, हे तर तिचंच… आणि आपल्या महादेवाला…”

“तिचं काय होतं ते तिच्या माहेरी. या घरात मी ठेवलंय केतकी. मला आवडलं. महादेवाचं मी बघते. इतकी वर्षं दिवा लावलाय त्याला, एवढं ऐकेल माझं. आणखी कुणाला काही बोलायचंय?”

मी ह्यांच्याकडं बघितलं. एरवी अशा वेळी यंत्र खिशात जातं. त्या दिवशी ते कानात होतं, आणि हे हसत होते.

साखर वाटली. बायका ‘केतकी, केतकी’ करायला लागल्या, जसं काही नाव आजच ऐकलं. धैर्या माझ्यासमोर आला आणि त्यानं एक मोठा चमचा साखर माझ्या तोंडात घातली. “पुरे रे,” म्हटलं, “मधुमेह व्हायचा.”

मग ती पाया पडायला वाकली.

“दोन्ही पाय चांगले आहेत आता,” मी म्हटलं. “वाया जाणार नाही.”

उठता उठता ती माझ्या कानाशी थांबली. हिरवा चुडा माझ्या खांद्यावर किणकिणला. आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू, तिनं माझं नाव माझ्या कानात सांगितलं.

“ओ,” मी म्हटलं.

जरा मोठ्यानंच निघालं. पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावं, तसं.